आकार-घटकाचा गुणांक ०.७ आला, म्हणजे परतावा लहान कंपन्यांमुळे मिळाला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका फंडानं दहा वर्षांत बाजारापेक्षा बराच जास्त परतावा दिला. विचारणाऱ्यानं त्याच्या मासिक परताव्यांवर तीन घटकांचं रिग्रेशन चालवलं, म्हणजे बाजार, आकार (लहान की मोठी कंपनी) आणि मूल्य (स्वस्त की महाग शेअर) या प्रत्येकासोबत फंड किती हलतो ते गुणांकाच्या रूपात मोजलं. आकाराच्या घटकाचा गुणांक ०.७ आला आणि अल्फा, म्हणजे घटकांचा हिशेब वजा केल्यावर उरणारा परतावा, जवळजवळ शून्यावर उतरला. मग हा परतावा लहान कंपन्यांमुळे मिळाला असं म्हणायचं का? आणि कंपनी लहान आहे एवढ्यानं परतावा का वाढावा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गुणांकावरून तसं म्हणता येत नाही. दुसऱ्याचं: नुसत्या लहानपणानं परतावा वाढतो याचा पुरावा समजला जातो त्यापेक्षा बराच कच्चा आहे. या कामात बरीच वर्षं घालवल्यावर मला वाटतं की या विषयातला बहुतेक गोंधळ 'स्पष्टीकरण' या एका शब्दातून येतो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एखादा घटक परताव्याचं स्पष्टीकरण देतो असं आपण म्हणतो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी मनात असतात. एक म्हणजे चढउताराचं स्पष्टीकरण: या महिन्यात हा शेअर वर का गेला, पुढच्या महिन्यात खाली का आला, कुणाबरोबर गेला. दुसरी म्हणजे सरासरीचं स्पष्टीकरण: लांबच्या काळात या शेअरनं त्या शेअरपेक्षा जास्त का दिलं. पहिल्या कामात आकार जबरदस्त आहे. दुसऱ्या कामात तो एकटा फार लंगडतो.

यूजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी १९९३ मध्ये तीन घटकांचं जे प्रारूप मांडलं, त्याच्याच आकड्यांत हे दिसतं. त्यांनी अमेरिकी शेअर आकारानुसार पाच आणि पुस्तकी मूल्य (ताळेबंदातली मालमत्ता वजा देणी) व बाजारमूल्य यांच्या गुणोत्तरानुसार पाच अशा गटांत टाकून २५ पोर्टफोलिओ केले. सर्वांत लहान कंपन्यांच्या पाच पोर्टफोलिओंसाठी फक्त बाजाराचा परतावा वापरला तर आर-स्क्वेअर, म्हणजे चढउताराचा किती हिस्सा प्रारूपात मावतो ते माप, ०.६१ ते ०.७० च्या दरम्यान येत होता. आकार आणि मूल्य हे दोन घटक जोडल्यावर तोच ०.९४ ते ०.९७ वर गेला. म्हणजे लहान कंपन्या एकमेकींच्या सोबतीनं हलतात आणि ती हालचाल बाजाराच्या हालचालीत पूर्ण मावत नाही. यात कुणाचं दुमत नाही.

आता त्याच निबंधातला दुसरा आकडा पाहा. आकार-घटक म्हणजे लहान कंपन्यांच्या पोर्टफोलिओंचा परतावा वजा मोठ्या कंपन्यांच्या पोर्टफोलिओंचा परतावा. जुलै १९६३ ते डिसेंबर १९९१ या काळात त्याची सरासरी होती महिन्याला ०.२७% आणि टी-मूल्य (सरासरी निव्वळ योगायोग नाही याची खात्री मोजणारा आकडा, नेहमीची कसोटी साधारण २ ची) होतं १.७३. मूल्य-घटकाची, म्हणजे स्वस्त शेअर वजा महाग शेअर यांच्या परताव्याची, सरासरी ०.४०%, टी-मूल्य २.९१. ज्या निबंधामुळे आकार-घटक जगभर वापरात आला, त्याच निबंधात त्याची सरासरी शून्याहून वेगळी आहे असं नेहमीच्या कसोटीवर ठामपणे म्हणता येत नव्हतं. त्याला प्रारूपात जागा मिळाली ती मुख्यतः चढउतार पकडण्याच्या ताकदीवर.

हे तुमच्या फंडाला लावू. समजा बिनजोखमीच्या दरापेक्षा फंडानं वर्षाला ९% जास्त दिले आणि बाजारानं ६%. फक्त बाजार घेतलात तर बीटा, म्हणजे बाजाराचा गुणांक, १.२ येतो, त्यातून ७.२% निघतात आणि १.८% अल्फा उरतो. तीन घटक घेतल्यावर बाजाराचा गुणांक १.०५ होतो, त्यातून ६.३%. आकाराचा ०.७ आणि त्या काळात आकार-घटकाची सरासरी २.५% असेल तर त्यातून १.७५%. मूल्याचा ०.३ आणि सरासरी ३%, म्हणजे ०.९%. बेरीज ८.९५%, अल्फा ०.०५%. आता कल्पना करा की त्या दहा वर्षांत आकार-घटकाची सरासरी शून्य होती. गुणांक ०.७ च राहील, आर-स्क्वेअरही तितकाच उंच राहू शकेल, पण आकारातून मिळालेला परतावा शून्य. ०.७ हा आकडा फक्त एवढंच सांगतो की फंडाचे पैसे कुठल्या प्रकारच्या शेअरमध्ये आहेत. त्या जागेनं काय दिलं हे पाहायचं तर गुणांकाला त्याच काळातल्या घटकाच्या सरासरीनं गुणावं लागतं. आणि ती सरासरी पुढेही मिळेल का, हा आणखी वेगळा प्रश्न.

दहा वर्षांचा काळ आपल्याला मोठा वाटतो. पण आकार-घटकाचा वार्षिक चढउतार १०% च्या आसपास धरला आणि खरी सरासरी २.५% मानली, तर टी-मूल्य २ पर्यंत न्यायला ६४ वर्षांची आकडेवारी लागते. हे गणित प्रत्येकानं एकदा स्वतः हातानं करून पाहावं. दहा वर्षांत लहान कंपन्यांनी मोठ्यांना हरवलं किंवा त्या हरल्या, यावरून सिद्धान्ताबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

आता आकाराची गोष्ट सुरुवातीपासून. १९६४ मध्ये विल्यम शार्प आणि १९६५ मध्ये जॉन लिंटनर यांनी मांडलेल्या प्रारूपानुसार शेअरचा अपेक्षित परतावा फक्त बीटावर, म्हणजे बाजारासोबत तो किती हलतो यावर, ठरायला हवा. १९८१ मध्ये रॉल्फ बान्झ यांनी दाखवलं की न्यूयॉर्क शेअरबाजारातल्या लहान कंपन्यांनी बीटाच्या हिशेबापेक्षा जास्त परतावा दिला होता. बान्झ यांनी तिथेच एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली होती, जी नंतर मागे पडली: हा परिणाम सरळ रेषेत नाही. मोठी आणि मध्यम कंपनी यांत फारसा फरक नव्हता, खरा फरक अगदी तळाच्या कंपन्यांत होता. १९८३ मध्ये डोनाल्ड कीम यांनी दाखवलं की आकाराच्या जादा परताव्यापैकी जवळपास निम्मा एकट्या जानेवारीत येतो, आणि त्याचाही मोठा भाग महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. लहान कंपन्यांतली जोखीम वर्षभर असते. मग तिचा मोबदला एकाच महिन्यात का मिळावा? जोखमीच्या स्पष्टीकरणापुढचा हा प्रश्न मला आजही समाधानकारकपणे सुटलेला वाटत नाही.

मग मोजमापातल्या चुका पुढे आल्या. लहान शेअर कधी खरेदीच्या भावाला तर कधी विक्रीच्या भावाला बंद होतो. ही दरी मोठी असेल तर रोजच्या परताव्यांची सरासरी खोट्यानं फुगते. मार्शल ब्ल्यूम आणि रॉबर्ट स्टॅम्बॉ यांनी १९८३ मध्ये प्रत्येक शेअरला रोज समान भार लावण्याऐवजी शेअर घेऊन ठेवण्याच्या पद्धतीनं हिशेब केला, तेव्हा आकाराचा परिणाम निम्म्यावर आला. दुसरी चूक बाजारातून बाहेर पडलेल्या कंपन्यांची. बुडीत निघून यादीतून काढलेल्या शेअरचा शेवटचा, सर्वांत वाईट परतावा आकडेवारीत बऱ्याचदा नोंदलेलाच नसायचा. टायलर शमवे आणि विन्सेंट वॉर्दर यांनी १९९९ मध्ये नॅसडॅकच्या शेअरसाठी ही उणीव भरून काढली, तर तिथला आकाराचा परिणाम उरलाच नाही.

ही दुसरी चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लहान कंपन्यांच्या एका पद्धतीची मागच्या पंधरा वर्षांवर चाचणी घेतली. निकाल इतके सुंदर होते की मी रात्रभर तक्ते करत बसलो. सकाळी वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला: "यात मेलेल्या कंपन्या कुठे आहेत?" मी आजच्या यादीतल्या कंपन्या घेऊन मागे गेलो होतो. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी लहान असलेल्या आणि आज जिवंत असलेल्या कंपन्याच माझ्या नमुन्यात होत्या. बुडालेल्या कंपन्या परत घातल्यावर त्या तक्त्यांत दाखवण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हापासून लहान कंपन्यांबद्दलचा कुठलाही अभ्यास हातात आला की परताव्याचे आकडे बघण्याआधी मी हाच प्रश्न विचारतो.

आता 'का' याकडे येऊ. इथे जोनाथन बर्क यांचा १९९५ चा युक्तिवाद मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो समजायला गणित फारसं लागत नाही. दोन कंपन्या घ्या. दोघींकडून दरवर्षी कायम १०० एवढी रक्कम मिळण्याची अपेक्षा आहे. पहिलीत जोखीम कमी, म्हणून लोक ८% परताव्यावर समाधानी आहेत. तिचं बाजारमूल्य १२५०. दुसरीत जोखीम जास्त, लोकांना १२.५% हवेत. तिचं बाजारमूल्य ८००. दोन्ही कंपन्यांचा धंदा सारखाच मोठा आहे. तरी बाजारमूल्यानं मोजलं तर दुसरी 'लहान' ठरते, आणि तिचा अपेक्षित परतावा जास्त आहे. म्हणजे लहान असल्यामुळे परतावा वाढलेला नाही. लोकांनी जास्त परतावा मागितला म्हणून भाव कमी झाला, आणि भाव कमी म्हणून ती लहान दिसते. जोखमीचं मूळ काहीही असो, प्रारूपानं ते पूर्ण पकडलेलं नसेल तर उरलेला भाग बाजारमूल्यात आपोआप उमटतो.

याची चाचणी सोपी आहे. आकार बाजारमूल्याऐवजी विक्रीनं, एकूण मालमत्तेनं किंवा कर्मचाऱ्यांच्या संख्येनं मोजा. बर्क यांनी तसं केलं, तर आकार आणि परतावा यांचा संबंध नाहीसा झाला. कंपनीच्या खऱ्या लहानपणातच काही असतं तर तो संबंध टिकायला हवा होता. म्हणून मी बाजारमूल्याला कारण न म्हणता आरसा म्हणतो. त्यात काय दिसतंय ते वेगळं शोधावं लागतं.

काय दिसतं? एक उत्तर के. सी. चॅन आणि नाय-फू चेन यांनी १९९१ मध्ये दिलं. लहान कंपनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उमेदीनं वाढणारी तरुण कंपनी येते. प्रत्यक्षात तळाच्या गटात अशा बऱ्याच कंपन्या असतात ज्या एके काळी मोठ्या होत्या आणि घसरत घसरत तिथे आल्या: कर्ज जास्त, उत्पादन अकार्यक्षम, लाभांश कापलेला. अर्थव्यवस्था आवळली की आधी यांचा श्वास अडकतो. दुसरं उत्तर तरलतेचं. याकोव्ह अमिहुद आणि हाइम मेंडेलसन यांनी १९८६ मध्ये दाखवलं की खरेदी-विक्रीच्या भावांतली दरी जितकी मोठी तितका गुंतवणूकदार जास्त परतावा मागतो. हे मला पटतं, पण त्याचा अर्थही नीट लक्षात घ्यायला हवा. तो जादा परतावा म्हणजे खर्चाची भरपाई. जो वारंवार उलाढाल करतो त्याच्या हातात त्यातलं काही राहत नाही. जो दहा वर्षं शेअर धरून बसतो त्याला ते मिळू शकतं.

आणि आकारमान विसरू नका. फामा आणि फ्रेंच यांनी २००८ मध्ये दाखवलं की अमेरिकेत मायक्रोकॅप, म्हणजे अगदी छोट्या बाजारमूल्याच्या, कंपन्या संख्येनं सुमारे ६०% आहेत, पण एकूण बाजारमूल्यात त्यांचा वाटा साधारण ३% च. समान भार देणारा कुठलाही अभ्यास म्हणजे बहुतांशी या ३% चा अभ्यास. त्यातले निष्कर्ष मोठ्या रकमेवर राबवायला गेलं की तुमच्याच खरेदीनं भाव वर सरकतो.

इतर घटकांपैकी मूल्य हा सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त भांडला गेलेला. संजय बसू यांनी १९७७ मध्ये कमी पी-ई (भाव भागिले प्रति शेअर नफा) असलेल्या शेअरबद्दल लिहिलं होतं. १९९२ मध्ये फामा आणि फ्रेंच यांनी दाखवलं की १९६३ ते १९९० या काळात आकार धरून पाहिलं तर बीटा आणि सरासरी परतावा यांचा संबंध जवळजवळ सपाट आहे, आणि पुस्तकी मूल्याचं गुणोत्तर जास्त बोलकं आहे. बर्क यांचा युक्तिवाद इथेही लागू पडतो, कारण भाव याही गुणोत्तरात आहेच. किंबहुना पुस्तकी मूल्यानं भागल्यामुळे धंद्याचा आकार बाजूला पडतो आणि भावातली माहिती अधिक स्वच्छ दिसते. हा जादा परतावा संकटाच्या जोखमीचा मोबदला आहे असं फामा आणि फ्रेंच म्हणतात. लोक चमकदार वाढीचा काळ पुढेही तसाच चालेल असं गृहीत धरतात आणि त्या चुकीतून तो येतो, असं लॅकोनिशोक, श्लायफर आणि विश्नी यांनी १९९४ मध्ये मांडलं. माझं मत दुसऱ्या बाजूला थोडं झुकतं, पण दोन्ही बाजूंनी बोलणारा पुरावा आहे.

मोमेंटम निराळ्या जातीचा आहे. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की मागच्या तीन ते बारा महिन्यांतले विजेते पुढचे काही महिने पराभूतांना मागे टाकतात. तीन घटकांच्या प्रारूपाला हे मुळीच पकडता येत नाही. मार्क कारहार्ट यांनी १९९७ मध्ये तो चौथा घटक म्हणून जोडला, आणि जे फंड व्यवस्थापकांचं कौशल्य समजलं जात होतं त्यातला बराचसा भाग विरून गेला. पण हा घटक कधीकधी भयानक उलटतो. २००९ च्या वसंतात आधी सर्वांत जास्त पडलेले शेअर इतके उसळले की मोमेंटमची कित्येक वर्षांची कमाई काही महिन्यांत गेली.

नफाक्षमतेचा घटक मात्र आकाराच्या चर्चेसाठी निर्णायक आहे. रॉबर्ट नोव्ही-मार्क्स यांनी २०१३ मध्ये ढोबळ नफा भागिले मालमत्ता हे साधं माप घेऊन दाखवलं की जास्त नफाक्षम कंपन्या जास्त परतावा देतात. २०१५ मध्ये फामा आणि फ्रेंच यांनी नफाक्षमता आणि गुंतवणूक हे घटक जोडून पाच घटकांचं प्रारूप केलं. त्यात अमेरिकेच्या आकडेवारीत मूल्य-घटक अनावश्यक ठरला. इतर चार घटकच त्याची सरासरी सांगून टाकत होते. तरीही एक कोपरा तीन घटकांच्या प्रारूपाला सतावत होता, तो पाच घटकांनाही पुरता सुटला नाही: सर्वांत लहान कंपन्या, ज्या नफा कमी असूनही जोरात गुंतवणूक करत राहतात. त्यांचा परतावा प्रारूप सांगतं त्याहूनही वाईट असतो.

या कोपऱ्यातच आकाराचं कोडं दडलं आहे असं मला वाटतं. लहान कंपन्यांच्या गटात टाकाऊ कंपन्यांची गर्दी असते: नफा नाही, वाढ डळमळीत, ताळेबंद कमजोर. टाकाऊ शेअर सरासरीनं कमी परतावा देतात आणि लहान कंपन्यांचा परतावा खाली ओढतात. क्लिफ अॅस्नेस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रकाशित केलेल्या अभ्यासात गुणवत्ता समान धरून आकार तपासला, तेव्हा त्याचा जादा परतावा ठळक झाला, फक्त जानेवारीपुरता राहिला नाही आणि फक्त मायक्रोकॅपपुरताही नाही. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, पण त्यात सांभाळून घ्यायची एक बाब आहे. गुणवत्ता समान धरणं हे रिग्रेशनमधलं काम आहे. प्रत्यक्षात ते करायचं तर लहान शेअर घेताना टाकाऊ शेअर टाळावे किंवा विकावे लागतात. नुसता लहान कंपन्यांचा निर्देशांक घेतलात तर ही दुरुस्ती तुम्हाला मिळत नाही.

घटकांची यादी पुढे फार वाढली. कॅम्पबेल हार्वी, यान लिऊ आणि हेचिंग झू यांनी २०१६ मध्ये प्रकाशित साहित्यातले ३१६ घटक मोजले आणि सांगितलं की इतक्या चाचण्या झाल्यावर नव्या घटकाकडून टी-मूल्य किमान ३ मागायला हवं. त्याच वर्षी डेव्हिड मॅक्लीन आणि जेफ्री पाँटिफ यांनी ९७ संकेतांचा माग काढला. मूळ नमुन्याबाहेर परतावा २६% नी, तर प्रकाशनानंतर ५८% नी घटला होता. पहिल्या घटीतून आकडेवारी खोदून काढलेल्या योगायोगांची कमाल मर्यादा कळते. त्यापुढची घट बाजार वाचतो आणि शिकतो म्हणून.

आता पुन्हा तुमच्या फंडाकडे. अल्फा शून्य आला म्हणून व्यवस्थापकानं काहीच केलं नाही असा निष्कर्ष काढू नका. आधी अनिश्चितता पाहा: घटकांनी न पकडलेला चढउतार वर्षाला ५% असेल, तर दहा वर्षांत अल्फाची प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाज साधारण किती चुकू शकतो ते माप, सुमारे १.६% येते. खरा अल्फा तीन टक्के असो की उणे तीन, तुमच्या निकालाशी दोन्हींचा मेळ बसू शकतो.

त्याहून महत्त्वाचं मोजपट्टीबद्दल. मार्टाइन क्रेमर्स, अँटी पेटायिस्टो आणि एरिक झिट्झेविट्झ यांनी २०१३ मध्ये निर्देशांकांवरच हे रिग्रेशन चालवून पाहिलं. १९८० ते २००५ या काळात चार घटकांच्या प्रारूपात मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या एस अँड पी ५०० या निष्क्रिय निर्देशांकाला वर्षाला ०.८२% अल्फा मिळाला आणि लहान कंपन्यांच्या रसेल २००० ला उणे २.४१%. निर्देशांकाला कौशल्य नसतं. हा फरक घटक कसे बांधले आहेत त्यातून येतो. आकार-घटक करताना लहान-स्वस्त, लहान-मध्यम आणि लहान-महाग या तिन्ही पोर्टफोलिओंना सारखा भार दिला जातो. प्रत्यक्ष बाजारात त्यांचं वजन सारखं नसतं. त्यामुळे लहान कंपन्या जशा आहेत तशा घेणाऱ्याला हे प्रारूप आधीच मागे ढकलून ठेवतं.

म्हणून तेच रिग्रेशन आधी तुमच्या बाजारातल्या लहान कंपन्यांच्या निर्देशांकावर, नेमक्या त्याच महिन्यांसाठी चालवा. त्याचा अल्फा उणे दोन आला आणि फंडाचा शून्य, तर फंडानं मिळू शकणाऱ्या पर्यायाला दोन टक्क्यांनी हरवलं आहे. मग बाजाराचा एक महिना मागचा परतावाही चलांत घाला. लहान शेअरमध्ये व्यवहार विरळ असतात, त्यांचे भाव उशिरा हलतात आणि बीटा खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. एल्रॉय डिमसन यांनी १९७९ मध्येच ही दुरुस्ती सुचवली होती. नफाक्षमतेचा घटकही जोडा. त्याचा गुणांक ठळकपणे धन आला, तर व्यवस्थापक टाकाऊ कंपन्या टाळत होता असं समजायला जागा आहे. आणि दहा वर्षांचा एकच गुणांक न काढता दर ३६ महिन्यांच्या खिडकीतला काढून पाहा. फंड मोठा होत गेला तसा ०.७ चा आकडा सुरुवातीला १ जवळ आणि शेवटी ०.४ वर असा घसरलेला दिसला, तर मागच्या दहा वर्षांचा परतावा ज्या पोर्टफोलिओनं मिळवला तो आता त्या फंडात नाही.